बारच्या मागची अडीच फूट जागा

माझ्या आईने आजवर माझ्याकडे एकच वस्तू मागितली. बार. हॉलच्या कोपऱ्यात, काळ्या ग्रॅनाइटचा, मागे भिंतीला टाइल्स, पुढे उंच स्टुलं. खारघरच्या टॉवरांमध्ये असतो तसा.

तिने तो मागितला तेव्हा मी हॉलमध्ये फरशीवर बसून पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. पत्रक मीच लिहिलेलं. मथळा होता, 'बायांनो, बाटली आडवी करा!' खाली मोठ्या अक्षरांत, 'दारूला गावात थारा नको, घरात तर नकोच नको.' उद्गारचिन्ह प्रेसवाल्याने फुकट दिलं असतं तर आणखी चार टाकली असती.

गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर बायकांचं मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. एक उभी बाटली, एक आडवी. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. पण त्याआधी सह्यांचा अर्ज लागतो, आणि अर्जावरच्या बायकांनी एकेक करून सरकारी माणसासमोर येऊन सांगायचं असतं की ही सही माझीच. त्याला पडताळणी म्हणतात. मोहिमा मरतात त्या इथे. सही घरात, चुलीपाशी बसून करता येते. पडताळणीला मात्र उन्हात, चारचौघांत, दुकानवाल्याच्या माणसांच्या मोबाइलसमोर उभं राहावं लागतं.

आमचं गाव पनवेलजवळच्या कोन गावाच्या पुढे. भातशेती गेली, बंगले आले, आणि बंगल्यांच्या मागोमाग गावाच्या तोंडाशी दुकान आलं. आमच्या आळीतल्या सगळ्या सह्या आईच्या सहीखाली होत्या. आळीतल्या बायका माझी पत्रकं वाचून नव्हे, आईकडे बघून सही करत होत्या, हे मला माहीत होतं आणि ते मला फारसं आवडत नव्हतं.

"तुना माजी सही पायजे ना?" आई म्हणाली.

"सही झालीय तुझी. आता पडताळणीला यायचंय."

"येते. आळीला पन घेऊन येते. पन आदी मना घरात बार काढून दे."

मला वाटलं ती चेष्टा करतेय. आमच्या घरात चेष्टा तीच करते.

"लोकांच्या घरात काढतंस ना? ऑफिसात बसून? मग आपल्या घरात काय हात मोडतात?"

तिचं खरं होतं. मी नवीन पनवेलला एका इंटिरियरवाल्याच्या ऑफिसात ड्रॉइंग काढते. किचन, वॉर्डरोब, देव्हारे, आणि हल्ली दर तीन-चार फ्लॅटमागे एक बार. दिवसा लोकांच्या बारची मापं घ्यायची आणि संध्याकाळी गावात दारूविरुद्ध पत्रकं वाटायची, यात मला काही चुकीचं वाटत नव्हतं. पोटासाठी करते, असं मी म्हणायची. दुकानवालासुद्धा तेच म्हणतो.

"मी नाय काढणार," मी म्हणाले. "लोक शेण घालतील तोंडात."

आई माझ्यासमोर खाली बसली. एक गठ्ठा उचलून तिने सुतळीची गाठ आवळली. माझी सैल होती.

"हे बग. तुजं दुकान बंद झालं. बरं झालं. मग तुजा बाप कुटं जाईल?"

मी पुढचा गठ्ठा ओढला.

"हायवेच्या पलीकडं जाईल. तितं दुसरं हाय. जाताना शुद्धीत जाईल. येताना कोन आननार त्याना?"

बाबांबद्दल सांगायला हवं. ते मारत नाहीत, शिव्या देत नाहीत. ते पितात आणि असतील तिथे झोपतात. एकदा कुणाच्या तरी टेम्पोत मागे झोपले आणि टेम्पो कळंबोलीला पोचला. टेम्पोवाल्याने फोन करून विचारलं, "तुमचा एक माणूस माझ्या सिमेंटमध्ये आलाय, ठेवू का पाठवू?" आम्ही यावर वर्षभर हसलो. पण दुकान हायवेच्या अलीकडे होतं, म्हणून हसलो.

दिवे लागले की आई बॅटरी घेऊन त्यांना शोधायला निघायची. रोज. वाटेत तिला शेजारची भेटायची, तीही बॅटरी घेऊन. पुढे मंदिरापाशी आणखी दोघी. नवरे शोधता शोधता त्या बायका एकमेकींना सापडल्या आणि आमचा महिला गट तिथून सुरू झाला. पत्रकात मी लिहिलं होतं की आमचा गट 'जाणिवेतून उभा राहिला'. तो बॅटरीच्या उजेडात, गटाराच्या कडेने चालताना उभा राहिला. तसं मी लिहिलं नाही, कारण ते मला पत्रकात शोभणारं वाटलं नाही.

"घरात पिऊ दे," आई म्हणाली. "माज्या डोळ्यांसमोर. बाटली दिवसा शुद्धीत आनू दे. मना आता चालवत नाय गो."

तिच्या गुडघ्यांवर सूज होती. व्यसनमुक्ती केंद्राचं बोलून झालं होतं. बाबा दोनदा जाऊन आले होते आणि दोन्ही वेळा आल्या दिवशी तो आनंद साजरा करायला दुकानात गेले होते. मी गठ्ठे बाजूला सारले आणि हॉलच्या कोपऱ्याला टेप लावला.

ड्रॉइंग काढताना मी चिडलेली होते. चिडून काढलेलं ड्रॉइंग चांगलं येतं, हा माझा अनुभव आहे. स्वयंपाकघराचा ओटा चौतीस इंचांवर असतो, बार बेचाळीसवर. पुढे पाय ठेवायला दांडी. मागे बाटल्यांना दोन फळ्या. काउंटर आणि मागची भिंत यांच्यामध्ये उभं राहायला अडीच फूट. हे सगळं मला पाठ आहे, हात आपोआप चालतो. आत जायला काउंटरला एक उचलायचं झाकण ठेवतात, पण ग्रॅनाइटचं झाकण जड होतं आणि सांध्यापाशी दगड लवकर चिरतो. म्हणून मी झाकण काढूनच टाकलं. दगड भिंतीपासून भिंतीपर्यंत अखंड, आणि आत जायची वाट स्वयंपाकघराच्या बाजूने. ऑफिसातल्या सरांनी ड्रॉइंग बघितलं आणि म्हणाले, "क्लीन आहे. कोणाचं काम?" मी म्हणाले, "ओळखीचं."

दगड घ्यायला आई आणि मी गेलो. बाबांना बोलावलं होतं, ते म्हणाले, तुमी बायका बगा, मना त्यातलं कलत नाय. गोडाउनमध्ये स्लॅब उभे करून ठेवले होते. दुकानदाराने पाण्याची बाटली घेऊन एकेका दगडावर पाणी मारलं, म्हणजे पॉलिश झाल्यावर कसा दिसेल ते कळतं. आईने मार्बलला हात लावला. दुकानदार म्हणाला, "मार्बल मत लो मौसी, उसपे निंबू गिरा तो दाग. दारू गिरी तो दाग."

"आमच्याकडं सांडनार नाय," आई म्हणाली. "थेंब पन नाय."

दुकानदार हसला. मी नाही. आईच्या बोलण्यात चेष्टा किती आणि हिशेब किती, हे मला कधीच कळलेलं नाही. आम्ही काळा ग्रॅनाइट घेतला.

मग टाइल्स. बारच्या मागच्या भिंतीला लावतात त्याला ऑफिसात बॅकस्प्लॅश म्हणायचं असतं, कारीगर डॅडो म्हणतात. दुकानदाराने आधी द्राक्षांचे घोस आणि ग्लासांची चित्रं असलेली टाइल काढली. ती मी उलटी करून ठेवली. आईने कोपऱ्यातली एक निळसर हिरवी टाइल उचलली, खवल्यांच्या आकाराची, एकावर एक बसणारी.

"ही बग, जिताड्याची खवलं."

"आई, याच्या सांध्यांत घाण बसते. पुसायला त्रास होतो."

"मासली साफ करताना पन होतो. म्हनून काय कोन खायचं सोडतंय?"

तिने तीच घेतली. सबंध घरात तिच्या पसंतीची तेवढी एक भिंत आहे. बंगला बांधला तेव्हा रंग बाबांनी ठरवला, जिना काकाने ठरवला, ग्रिलची नक्षी ग्रिलवाल्याने ठरवली.

दगड टेम्पोतून गावात आला आणि गावाला कळलं. कळणारच. चौघांनी धरून नऊ फुटांचा काळा दगड भर दुपारी आळीतून नेला, तर लोकांनी काय डोळे मिटायचे? आळीच्या तोंडाशी कट्ट्यावर बसलेला एकजण ओरडला, "ताई, देवाचा चौथरा का काय?" दुसरा म्हणाला, "अरे नाय, दारूबंदीचा चौथरा!" मी मान वर करून चालत राहिले.

फिटर राजस्थानचा होता, गावातल्या सगळ्या ओट्यांवर त्याचा हात फिरलेला. पहिल्याच दिवशी तो चॉकने खूण करून थांबला. "मॅडम, अंदर जाने का रास्ता नहीं दिया."

"किचन से है."

"वो तो भाभी के लिए हुआ. साहब कैसे जाएगा?"

"साहब आगे बैठेगा," मी म्हणाले.

त्याने खांदे उडवले आणि कटर सुरू केला. दगडाची पूड उडाली, त्या आवाजात मला विचार करावा लागला नाही. त्या माणसाने मला थेट विचारलं होतं आणि मी थेट उत्तर दिलं होतं. त्या उत्तरात काय आहे हे मात्र मला ऐकू आलं नाही. बायकांच्या हक्कांवर मी तासभर बोलू शकते.

पडताळणी शाळेच्या पडवीत झाली. टेबल, दोन खुर्च्या, एक साहेब, एक क्लार्क. बायकांनी ओळखपत्र दाखवायचं, सही ओळखायची, बाजूला व्हायचं. समोर झाडाखाली दुकानवाल्याची माणसं मोबाइल धरून उभी. आमची आळी आली ती आईच्या मागून, लग्नाला यावी तशी, ठेवणीतल्या साड्या नेसून. मी मोजू लागले आणि मग मोजायचं थांबवलं, कारण मधल्या आळीतली एक बाई रांग सोडून बाजूला झाली होती. गटातली जुनी बाई. बॅटरी घेऊन निघणाऱ्यांतली.

"मी सही मागं घेते," ती मोठ्याने म्हणाली. "हिच्या घरात ग्रॅनाइटचा बार, आनि आमच्या दारात आडवी बाटली! हा कुटला न्याव? यांचा मानूस एसीत पिनार, आमचा कुटं जानार?"

रांग हलली. दोघीतिघी माझ्याकडे बघायला लागल्या. झाडाखालून कोणीतरी शिट्टी मारली. साहेबांनी पेन खाली ठेवलं, त्यांना हे नवीन नसावं. मी पुढे झाले, तोंड उघडलं, आणि माझ्याकडे पत्रकातलीच वाक्यं होती. तीच, 'घरात तर नकोच नको'. ती बोलायला जीभ उचलेना.

आई टेबलापाशी पोचली होती. ती वळली.

"हाय माज्या घरात बार," ती म्हणाली. "नाय कोन बोलतंय? माजे पाय गेलेत त्याना शोधून. तू पन शोधतंस ना तुज्याला? मग तुज्याला पन पाटव माज्याकडं. बसव स्टुलावर. हायवेवर मरन्यापेक्षा माज्या हॉलात पडू दे." मग टेबलाकडे वळून बोट ठेवलं. "ही सही माजी हाय. लिवा."

मग ती बाई हसली. पदर तोंडाला लावून हसली, म्हणाली, "खरंच पाटवीन हां," आणि रांगेत परत शिरली. त्या दिवशी सह्या पुरेशा झाल्या. क्लार्कने सांगितलं की आता मतदानाची तारीख लागेल. मी आईला मिठी मारली. ती म्हणाली, घाम हाय, सोड.

आणि त्या बाईने खरंच पाठवला.

त्याच आठवड्यात दिवेलागणीला तिचा नवरा आमच्या दारात उभा राहिला, स्वतःची बाटली काखेत घेऊन, पाहुण्यासारखा चपला नीट बाजूला काढून. बाबांना इतका आनंद झालेला मी कधी बघितला नव्हता. दुसऱ्या दिवशी आणखी एक आला. आठवडाभरात चार स्टुलं भरली आणि दोघे सोफ्यावर. दुकानापुढची गर्दी आम्ही मतदानाआधीच कमी केली होती म्हणा.

आमच्याकडे दारूबरोबर काहीतरी तळलेलं लागतं. आलेल्या माणसापुढे नुसता ग्लास ठेवणं हा आमच्यात अपमान आहे. कोणी आईला सांगितलं नाही. ती पहिल्या दिवशी आपणहून सुके बोंबील तळून घेऊन आली, स्वयंपाकघराच्या दारातून, आणि बारच्या मागे उभी राहिली. समोर माणसं, हातात बशी, पाठीला तिने निवडलेली खवल्यांची भिंत. बशी ठेवली तोवर बर्फ मागितला गेला. बर्फ दिला तोवर पाणी. मग चणे. मग लिंबू. ती आत येत होती, जात होती, पण बाहेर येत नव्हती. बारमधून सरळ हॉलमध्ये यायला वाटच नव्हती. मी ठेवली नव्हती.

मी हॉलच्या दारात उभी राहून हे बघत होते. मी कितीतरी बार काढलेत आणि अडीच फूट जागा प्रत्येक वेळी सोडली आहे. तिथे कोण उभं राहणार, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. लोकांच्या घरी नाही, माझ्या घरी नाही. मी, जी दर सभेत विचारते की या व्यवस्थेत बाई कुठे आहे. बाई तिथे होती. बरोबर मापात बसली होती.

"पोरीनं काढलाय," बाबा सगळ्यांना सांगत होते. त्यांनी तळहाताने दगड पुसला. "ऑफिसात शिकली ती. बगा, जोड नाय कुटं."

त्या आठवड्यापासून बाबा रोज घरात होते. आईचं मागणं पुरं झालं होतं, हे मला मान्य करावं लागतं. ती रात्री निवांत झोपायची. तिच्या गुडघ्यांची सूज उतरली नाही, कारण ती आता चालत नव्हती पण तीन तास उभी असायची. आणि गटाच्या बैठकीला ती येत नव्हती. बैठक तेव्हाच असायची, दिवे लागले की. बायकांना दुसरी वेळ मिळत नाही. तारीख कधीही लागली असती, घरोघर फिरायला हवं होतं, आणि आमच्या आळीत मी एकटी फिरले तर बायका दार अर्धं उघडून विचारायच्या, "आय कुटं हाय तुजी?" काय सांगू? चकणा तळतेय?

मी आईला म्हणाले, बंद कर हे. मी त्या माणसांना हाकलते.

"हाकल. मग ती जातील पलीकडं. तुजा बाप पन त्यांच्यासोबत जाईल, एकटा कसा बसंल?"

"मग त्यांचं त्यांना घेऊ दे."

"आलेल्याना पानी तेच्या हातानं घ्यायला सांगू? आपल्या घरात?"

मी म्हणाले, दगड फोडते. ती म्हणाली, फोड. आणि कांदा कापत राहिली. तिला माहीत होतं की मी फोडणार नाही. ग्रॅनाइट फुटतो, हातोडा घरात आहे, फिटरचा नंबर माझ्याकडे आहे. पण बार फोडला तर बाबा हायवेवर, आणि ठेवला तर आई आत. मी दोन दिवस यावर पत्रक लिहायचा प्रयत्न केला. ज्यांना सरळ उत्तर हवंय त्यांनी दारूचं उत्पादन कोण करतं, परवाना कोण देतं, हे विचारावं. तो सवाल बरोबरच आहे आणि मी तो विचारत राहणार आहे. पण त्या संध्याकाळी साडेसातला बर्फ कोण देणार, याला त्या सवालात जागा नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले, पर्स टाकली, हात धुतले आणि स्वयंपाकघराच्या दारातून बारच्या मागे गेले. आई बशी भरत होती. मी ती तिच्या हातातून घेतली.

"तू जा. बैठक आहे."

"आनि हे?"

"मी बघते."

तिने माझ्याकडे बघितलं, मग स्टुलांकडे. पदराने हात पुसले. पाठीमागून स्वयंपाकघरातून फिरून ती हॉलमध्ये आली, चपला घातल्या आणि गेली. जाताना बॅटरी घेतली नाही. कोणाला शोधायचं नव्हतं.

आत जरा मागे सरलं की पाठ टाइलला लागते. टाइल गार असते. पुढे झुकलं की पोटाला दगडाची कड. बशी घेऊन वळायचं तर कुशीवर झोपल्यासारखं वळावं लागतं. बेचाळीस इंचांवरून समोरच्यांचे चेहरे नेमके माझ्या चेहऱ्यासमोर येतात, नजर ठेवायला दुसरी जागा नाही. माप पाठ असणं वेगळं आणि त्यात उभं राहणं वेगळं.

"काय ताई," त्या मधल्या आळीतल्या बाईचा नवरा म्हणाला, आवाज अदबीचा, "तुमच्या बाटलीचं कुटवर आलं?"

"तारीख लागायचीय," मी म्हणाले.

"आमची बायको आडवीलाच मारनार. सांगून ठेवलंय तिनं." तो हे अभिमानाने म्हणाला. मग ग्लास पुढे केला. "जरा पानी द्या."

मी पाणी दिलं. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. मुलीच्या हातून घेताना ते ग्लासाकडेच बघतात. त्यांनी त्या दिवशी एक कमी घेतला असं मला वाटलं. पण तसं मला वाटायचंच होतं, म्हणून त्यावर मी विश्वास ठेवत नाही.

बाहेरून बायकांचे आवाज येत होते, आळीतून पुढे सरकत जाणारे. दारं वाजत होती. आईचा आवाज सगळ्यांत वर. ती कोणाला तरी रागावत होती, आणि पाठोपाठ सगळ्या हसल्या. माझ्या सभांमध्ये कोणी हसत नाही.

ती परत आली तेव्हा माणसं उठून गेली होती. बाबा सोफ्यावर झोपले होते. मी ग्लास विसळत होते. ती हॉलच्या बाजूने आली आणि स्टुलावर बसली, पहिल्यांदाच. पाय दांडीवर ठेवले. चेहरा तापलेला, केस सुटलेले.

"पलीकडची आळी पन फिरलो," ती म्हणाली. "सगल्या येनार बोलतात. उद्या वरच्या आळीला जायचंय. आनि तुजं ते पत्रक जरा बदल. घरात नको घरात नको, असलं काय लिवतंस? बायका हसतात."

"काय लिहू?"

"ते तू बग." तिने दगडावर कोपर टेकलं. "पानी दे."

मी ग्लास भरून दगडावरून तिच्याकडे सरकवला. ती एका दमात प्यायली.

"उद्या पन साडेसातलाच जमायचंय," ती म्हणाली. "तू हाईस ना इतं?"

बाबा झोपेत कुशीवर वळले. मी फडक्याने दगड पुसला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"आहे," मी म्हणाले.